वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल, १८९५ – २९ ऑक्टोबर, १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ आणि कर्करोग संशोधक होते. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील प्रयोगशाळांचे प्रमुख, भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संस्थापक-संचालक, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक ही पदे त्यांनी भूषवली. तंबाखूच्या निरनिराळ्या सवयी व मुखाचा कर्करोग यांचा संबंध, समाजगटांनुसार कर्करोगाच्या प्रकारांत आढळणारा फरक, रक्तगटांचे वितरण आणि कुष्ठरोगाच्या आरंभीच्या खुणा हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होते.

प्रारंभिक जीवन आणि अध्यापन

खानोलकर यांचा जन्म गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. त्यांनी वैद्यकीय शिक्षण लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये तेथूनच विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी मिळवली. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले.

त्या काळात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरिष्ठ पदे प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकाऱ्यांकडे असत. १९२६ मध्ये सुरू झालेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयाच्या देणगीदारांनी मात्र अध्यापक भारतीयच असावेत अशी अट घातली होती. परदेशातून उच्च पदवी घेऊन आलेल्या भारतीय डॉक्टरांना यामुळे अध्यापनाबरोबर स्वतंत्र संशोधनाचीही जागा मिळाली. विकृतिशास्त्र तोपर्यंत बहुतांशी शवविच्छेदनगृहापुरते आणि परीक्षेपुरते मर्यादित मानले जात असे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ऊतीचा संबंध रुग्णाच्या राहणीशी, आहाराशी आणि सवयींशी जोडून पाहण्याची खानोलकर यांची पद्धत या वातावरणात वेगळी होती. त्यांचे पुढचे सारे काम याच पद्धतीवर उभे राहिले.

टाटा स्मारक रुग्णालय

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ सर दोराबजी टाटा न्यासाने परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी, १९४१ रोजी सुरू झाले. खानोलकर त्याच वर्षी तेथील प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले.

कर्करोग हा प्रगत, पाश्चात्त्य राहणीचा आजार असून भारतात तो फारसा होत नाही, अशी समजूत तेव्हा डॉक्टरांमध्येही प्रचलित होती. विश्वनाथ आणि ग्रेवाल यांनी १९३० च्या दशकात देशातील रुग्णालयांच्या नोंदी तपासून या समजुतीला धक्का दिला होता, तरी ती पुसली गेली नव्हती. तिला वरवरचा आधारही होता. सरासरी आयुर्मान इतके कमी होते की, कर्करोग ज्या वयात वाढतो त्या वयापर्यंत पोहोचणारी माणसेच थोडी होती. जे पोहोचत, त्यांतील बरेचजण निदानाविनाच मरण पावत. रुग्णालयात न आलेला रुग्ण नोंदीत येत नाही, आणि नोंद नाही म्हणून रोग नाही, असा हा चुकीचा तर्क होता. खानोलकर यांच्यासमोर आता पूर्णपणे कर्करोगासाठी वाहिलेल्या रुग्णालयाची नोंदवही होती. तिच्यातून नेमके काय सिद्ध होऊ शकते आणि काय नाही, हे ठरवणे त्यांना भाग होते.

सवयी आणि कर्करोग

१९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतील कॅन्सर रिसर्च या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या कामात रुग्ण सलग घेणे महत्त्वाचे होते. लक्षवेधी रुग्ण निवडून त्यांवर लेख लिहिण्याची रीत जुनी होती, पण तिच्यातून प्रमाण कळत नाही. पाश्चात्त्य देशांत तुलनेने कमी आढळणारा मुखाचा कर्करोग मुंबईत एवढ्या मोठ्या संख्येने का दिसतो, हा प्रश्न या आढाव्याने जगापुढे ठेवला.

त्रावणकोरमधील नेय्यूर येथे काम करणाऱ्या ऑर या डॉक्टरांनी १९३३ मध्ये पान-तंबाखू खाणाऱ्यांमधील मुखाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले होते. परंतु पानाच्या विड्यात पान, चुना, सुपारी, कात आणि तंबाखू असे अनेक पदार्थ एकत्र येतात. त्यांतील दोषी कोणता, हे विडा खाणाऱ्या रुग्णाकडे पाहून सांगता येत नाही. खानोलकर यांनी त्यासाठी देशातील सवयींच्या विविधतेचाच उपयोग केला. एखाद्या भागात तंबाखू चुन्याबरोबर मळून खालच्या ओठामागे धरतात, दुसरीकडे ती पानातून गालात ठेवतात, तर कोठे फक्त विडी ओढतात. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत आहे. हे प्रकार वेगवेगळे पाहिले, तर पदार्थ तोंडात जेथे टेकतो आणि गाठ जेथे येते, त्या दोन जागा ताडून पाहता येतात.

१९४५ मध्ये खानोलकर आणि सूर्याबाई यांनी सवयींशी निगडित असलेल्या कर्करोगाच्या तीन नव्या भारतीय प्रकारांचे वर्णन केले. खालच्या ओठाच्या आतील खाचेत तंबाखू-चुन्याची गोळी धरणाऱ्यांत नेमक्या त्याच खाचेत होणारा खैनीचा कर्करोग हा त्यांतला एक. दुसरा प्रकार अधिक अनपेक्षित होता. कमरेला धोतर अथवा साडी वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधल्याने त्वचा घासली जाते, तेथे वण पडतो, आणि काही जणांत पुढे तेथेच त्वचेचा कर्करोग होतो. धोतराचा कर्करोग हे नाव वैद्यकीय ग्रंथांत या लेखानंतर रूढ झाले. काश्मीरमध्ये अंगाशी कांगडी धरल्याने पोटाच्या व मांडीच्या त्वचेवर होणारा कर्करोग आधीपासून ज्ञात होता. मात्र खानोलकर यांच्या लेखाने अशा सुट्या निरीक्षणांना एका सूत्रात आणले. वंश किंवा दैव यांच्याऐवजी दैनंदिन वापरातील वस्तू हे कारण म्हणून पुढे आले, आणि अशा कारणाचा एक व्यावहारिक अर्थ होता, तो म्हणजे ते टाळता येते.

लाभशंकर संघवी, राव आणि खानोलकर यांचा १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला लेख हा या मालिकेतील सर्वाधिक उल्लेखिला जाणारा लेख होय. डॉल व हिल यांनी इंग्लंडमध्ये, तर वाइंडर व ग्रॅहॅम यांनी अमेरिकेत १९५० मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला होता. मुंबईतील लेखाने तीच तुलनात्मक पद्धत अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगांना लावली. रुग्णांच्या सवयी आणि कर्करोग नसलेल्यांच्या सवयी शेजारी ठेवल्यावर असे दिसले की, तंबाखू चघळणे हे प्रामुख्याने मुखपोकळीतील कर्करोगाशी निगडित आहे, तर विडी ओढणे हे जिभेचे मूळ, घसा आणि अन्ननलिका येथील कर्करोगाशी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक असल्याचे १९८५ मध्ये जाहीर केले. सुपारी स्वतःदेखील कर्करोगकारक आहे, हा तिचा निर्णय २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे विड्यातील दोषी पदार्थाच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळण्यास खानोलकर यांच्या पहिल्या आढाव्यापासून ६० वर्षे लागली.

समाजगट आणि रक्तगट

मुंबईसारख्या शहरात हिंदूंमधील अनेक जाती, मुसलमान, पारशी व ख्रिस्ती हे समाज एकाच हवेत राहत होते, परंतु त्यांचा आहार, लग्नाचे वय, स्वच्छतेच्या रीती आणि व्यसने भिन्न होती. खानोलकर यांनी याकडे निसर्गाने आयता मांडलेला प्रयोग म्हणून पाहिले. सुंता होणाऱ्या समाजांत शिश्नाचा कर्करोग अत्यल्प आढळतो, पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे आणि हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण तुलनेने अधिक दिसते, अशी निरीक्षणे त्यांनी मांडली.

हा फरक राहणीमुळे आहे की रक्तातूनच आलेला आहे, हे तपासण्यासाठी त्या समाजांची आनुवंशिक माहिती हवी होती. संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांची माहिती १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. भारतातील मानवी आनुवंशिकीच्या आरंभीच्या पद्धतशीर कामांत तिची गणना होते.

या संशोधनाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. रुग्णालयाच्या नोंदींतून रुग्णांमधील प्रमाण कळते, लोकसंख्येतील नव्हे. कोणत्या समाजातील किती लोक परळपर्यंत येत, हे पैसा, शिक्षण, अंतर आणि स्त्रियांच्या बाबतीत घरच्यांची परवानगी यांवर अवलंबून होते. खानोलकर यांची समाजगटांविषयीची काही निरीक्षणे म्हणूनच सूचक मानली गेली, निर्णायक नव्हे. ही उणीव भरून काढण्यासाठी ठरावीक भागातील प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणारी व्यवस्था आवश्यक होती. भारतीय कर्करोग संस्थेने १९६३ मध्ये मुंबईत अशी देशातील पहिली नोंदणी सुरू केली.

कुष्ठरोगावरील काम

कुष्ठरोग हा प्रथम त्वचेचा आजार मानला जाई. खानोलकर यांनी रुग्णांच्या व त्यांच्या संपर्कातील माणसांच्या त्वचेचे अतिशय आरंभीचे नमुने तपासून जंतूंचा मज्जातंतूंशी असलेला जवळचा संबंध दाखवला. चट्टा दिसण्यापूर्वी रोगाची एक मूक अवस्था असते, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले. या विषयावरील त्यांचा अहवाल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५१ मध्ये प्रसिद्ध केला.

बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक आम्लस्थायी जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे जाहीर केले. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमावर वाढत नसल्याने या दाव्याने मोठी अपेक्षा निर्माण केली. हा जंतू कुष्ठरोगाचाच आहे, हे मात्र सर्वमान्य झाले नाही. पुढे तो दुसऱ्याच जंतुगटातील असल्याचे मानले गेले. तरीही त्याच्यापासून कुष्ठरोगावरील एक लस तयार करून तिच्या चाचण्या घेण्यात आल्या. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आय.सी.आर.सी. जंतू या नावाने ओळखला जातो.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा बहुतेक वेळ निदानात जातो. मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्था असावी, या विचारातून १९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांनी येथे केवळ डॉक्टरांना न घेता प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र, आनुवंशिकी आणि संख्याशास्त्र या विषयांतील माणसे एकत्र आणली. पुण्यात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र शिकलेल्या कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली होती. त्यानंतर अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि केंद्रात त्यांनी ती प्रयोगशाळा उभारली. पुढे त्या केंद्राच्या संचालकही झाल्या.

टाटा स्मारक रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र यांचे एकत्रीकरण होऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले.

रक्तातील मेद: पुढील पिढीचा प्रश्न

खानोलकर यांनी प्रश्न सवयीचा आणि गाठीच्या जागेचा केला. त्यानंतरच्या पिढीने तोच प्रश्न रक्ताला विचारला. कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तातील मेदाचे प्रमाण, म्हणजे एकूण कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि त्यांना वाहून नेणारी मेदप्रथिने, निरोगी माणसांपेक्षा निराळे का आढळते, हा त्यांतील एक विषय होय. ट्रायग्लिसराइड हा साठवणीचा मेद आहे. कोलेस्टेरॉल मात्र प्रत्येक पेशीच्या आवरणाला लागते आणि अनेक संप्रेरके त्याच्यापासूनच बनतात.

जेफ्री रोझ आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये एक अनपेक्षित निष्कर्ष प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्याचा कर्करोग पुढे ज्यांना झाला, त्यांचे आधी मोजलेले कोलेस्टेरॉल अपेक्षेपेक्षा कमी होते. हृदयविकाराच्या भीतीने कोलेस्टेरॉल कमी करण्याचा सल्ला तेव्हा दिला जाऊ लागला होता. त्यामुळे कमी कोलेस्टेरॉल धोकादायक तर नाही ना, अशी शंका निघाली. मात्र दुसरी शक्यताही तितकीच खरी होती. शरीरात लपलेला कर्करोग निदानाच्या आधीच कोलेस्टेरॉल खाली आणत असावा. पुढील अनेक पाहण्यांत रक्त तपासल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत निदान झालेले रुग्ण वगळले, तेव्हा हा संबंध पुष्कळदा क्षीण झाला.

परिणामाच्या बाजूचा स्पष्ट पुरावा रक्ताच्या कर्करोगातून मिळाला. १९८० च्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले की, या रोगातील विकृत पेशी कमी घनतेची मेदप्रथिने मोठ्या प्रमाणात ओढून घेतात आणि म्हणून रक्तातील कोलेस्टेरॉल घटते. उपचारांनी रोग आटोक्यात आला की ते पुन्हा वाढते. वेगाने विभागणाऱ्या पेशींना नवी आवरणे बांधायची असतात, त्यासाठीचा माल त्या रक्तातून उचलतात, असे याचे सोपे वर्णन करता येईल.

मुखाच्या कर्करोगात गुंतागुंत अधिक आहे, कारण तोंडात गाठ असलेल्या माणसाचे खाणेच कमी झालेले असते. अहमदाबादच्या गुजरात कर्करोग संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात म्हणूनच तीन गट घेतले होते: डोके व मान यांच्या कर्करोगाचे उपचार न झालेले रुग्ण, मुखातील कर्करोगपूर्व विकार असलेले लोक आणि निरोगी व्यक्ती. रुग्णांमध्ये एकूण कोलेस्टेरॉल व उच्च घनतेच्या मेदप्रथिनांतील कोलेस्टेरॉल निरोगी व्यक्तींपेक्षा कमी आढळले, ट्रायग्लिसराइडही कमी होते. शिवाय तंबाखूची सवय असलेल्यांमध्ये मेदाची पातळी सवय नसलेल्यांपेक्षा खाली होती. तंबाखूमुळे निर्माण होणारे मुक्त मूलक पेशींच्या आवरणातील मेदाची हानी करतात आणि ती भरून काढण्यासाठी रक्तातील मेद खर्ची पडतो, असे स्पष्टीकरण या संदर्भात दिले जाते. रुग्णांची विभागणी सवयीनुसार करणे आणि तुलनेसाठी निरोगी गट बाजूला ठेवणे, ही १९५५ च्या मुंबईतील लेखाचीच रीत आहे.

सर्व कर्करोगांत मेदाचे चित्र एकसारखे नसते. स्तनाच्या कर्करोगात काही पाहण्यांत ट्रायग्लिसराइड वाढलेले, तर काहींत फरक नसलेला आढळतो. रोग बळावून शरीर खंगू लागले की चरबी वितळून रक्तात येते आणि ट्रायग्लिसराइड चढू शकते. औषधांचाही वाटा असतो. टॅमॉक्सिफेनने कमी घनतेचे कोलेस्टेरॉल उतरते, परंतु काही रुग्णांत ट्रायग्लिसराइड वाढते. मुलांमधील रक्ताच्या कर्करोगावर वापरले जाणारे ॲस्परजिनेज स्टिरॉइडसोबत दिल्यास ते अतिशय वाढू शकते. त्यामुळे कोलेस्टेरॉल कमी निघाले म्हणून कर्करोगाचे निदान करता येत नाही, आणि ते जास्त आहे म्हणून तो नाकारताही येत नाही.

पदे आणि सन्मान

खानोलकर १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६३ ते १९७३ पर्यंत त्यांनी वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून काम केले. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे ते १९५८ ते १९६२ दरम्यान अध्यक्ष होते. आण्विक किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. देशातील विकृतिशास्त्रज्ञांची संघटना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक शोधनिबंध तसेच कर्करोग आणि कुष्ठरोग या विषयांवरील ग्रंथ आहेत.

मृत्यू आणि स्मृती

२९ ऑक्टोबर, १९७८ रोजी खानोलकर यांचे निधन झाले. मुंबईच्या धर्तीवरील कर्करोग नोंदणी त्याच वर्षी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू झाली आणि मराठवाड्यातील एका शहरातील आकडे प्रथमच सलगपणे उपलब्ध होऊ लागले. ग्रामीण भागासाठीची देशातील पहिली नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली. सिल्लोड, कन्नड किंवा सोयगावसारख्या तालुक्यांतील रुग्णांना कर्करोगाच्या उपचारांसाठी दीर्घकाळ परळचीच वाट धरावी लागे. २०१२ मध्ये छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्यावर ही फेरी अनेकांसाठी कमी झाली. टाटा स्मारक केंद्राचे या रुग्णालयाला सहकार्य लाभले आहे. ग्रामीण महाराष्ट्रात आजही अनेक स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावतात, आणि तोंडाच्या तपासणीत डॉक्टर त्या सवयीची चौकशी करतात.

परळ येथील संशोधन विभाग २००२ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे हलवण्यात आला. तेथील संशोधन इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे.